आमच्या सडकेच्या बायकांनी पाहिलेली चित्रं

रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी लोखंडाच्या प्लांटची बस आमच्या क्वार्टरांच्या सडकेच्या तोंडाशी येऊन उभी राहिली, आणि तिथून हे सगळं सुरू झालं. सात-दहा हे मी अंदाजाने लिहीत नाही. मंदाचं दूध शेगडीवरून उतरवलं तेव्हा घड्याळ पाहिलं होतं. मंदा दीड वर्षाची आहे आणि तिचं सगळं मी घड्याळ पाहूनच करते.

आमच्या सडकेवर किस्से साठायला वेळ लागत नाही. पुरुष शिफ्टवर गेले की मागच्या अंगणाच्या भिंतीवरून एकीचं बोलणं दुसरीकडे जातं, दुसरीचं तिसरीकडे, आणि सडकेच्या टोकाला पोचेपर्यंत त्याचं असं काही होतं की जिचं होतं तिलाच ओळखू येत नाही. म्हणून महिला मंडळाच्या देशमुखबाई म्हणाल्या, "या वर्षीच्या हस्तलिखितात सहलीबद्दल कोणीतरी लिहा. काय पाहिलं, पाहून काय वाटलं, खरं खरं लिहा." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सातवी पास आहे. आमच्या सडकेवर तेवढं पुष्कळ झालं.

सहल होती रायपूरला. तिथे एका जुन्या जमीनदाराच्या कोठीत, म्हणजे मोठ्या वाड्यात, चित्रांचं आणि मूर्तींचं घर उघडलं आहे. देशमुखबाईंचे मिस्टर ऑफिसर, त्यामुळे बस मिळाली. आमच्या सडकेवरून आम्ही चौघी. बोरकरकाकू, त्या सगळ्यांत वडील, भंडाऱ्याकडच्या. भागाबाई, शाळेची पायरी न चढलेली, पण बोलायला पुढे. शेजारच्या क्वार्टरमधली सुशीला, तिच्या लग्नाला चारच महिने झालेले. आणि मंदाला कडेवर घेऊन मी.

मला जायचं होतं ते एका चित्रासाठी. गेल्या दिवाळीनंतर, मंदा वर्षाची होती तेव्हा, एक चित्रकार इथे येऊन दोन महिने राहिला होता. रोज प्लांटमध्ये जाऊन त्याने भट्टीचं मोठं चित्र काढलं, आणि ते त्या कोठीत आलं आहे असं देशमुखबाई म्हणाल्या.

मंदाचे बाबा आधी भट्टीवरच होते. आम्ही बायकांनी भट्टी कधी पाहिली नाही. आम्ही फक्त संध्याकाळी अंगणात उभं राहून तिकडचं आभाळ लाल झालेलं पाहतो. मंदा पोटात होती तेव्हा ते लाल दिसलं की माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. मी बाळंतपणाला माहेरी गेले तेव्हा त्यांचं पत्र आलं, "माझी बदली स्टोअरमध्ये झाली. नुसतं सामान मोजून द्यायचं. आता तू पोटभर जेव." मी तेव्हापासून जेवते. पण लाल आभाळ दिसलं की अजून हात थांबतो. मला वाटलं, ते जिथून सुटले ती जागा एकदा चित्रात पाहून घ्यावी, म्हणजे भीती निघून जाईल.

त्यांना विचारलं तर म्हणाले, "काय पाह्यतं तिथं? निस्ते दगडं हायेत. मंदाले ऊन लागन."

मी मंदाला टोपी घातली, उकळलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या आणि बसमध्ये बसले.

* * *

कोठीच्या दारात पोचल्यावर बोरकरकाकूंनी चपला काढल्या. त्यांचं पाहून भागाबाईने काढल्या, मग आम्ही, मग मागच्या सडकांच्या बायकांनी. तीस बायकांच्या चपलांचा दारात ढीग झाला. आतून म्हातारा चौकीदार धावत आला.

"चप्पल पहनके आइए दाई. ये मंदिर नहीं है." इकडे वडीलधाऱ्या बाईला दाईच म्हणतात.

काकूंनी त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. पहिल्याच दालनात ओळीने दगडाचे देव उभे होते. विष्णू होता, गणपती होता, एक बिनहाताची देवी होती.

"देव अंदर हायेत न?"

"हैं."

"मंग मंदिर कावून नाही?"

चौकीदाराने बराच विचार केला आणि म्हणाला, "पुजारी नहीं है, इसलिए."

काकूंना ते फार लागलं. प्रत्येक देवासमोर उभ्या राहून त्या विचारू लागल्या, "याले कोन जेवू घालते?" चौकीदार म्हणायचा, "कोई नहीं." चौथ्या देवापर्यंत त्यांच्याने राहवलं नाही. त्यांनी डबा उघडून बेसनाचा लाडू काढला, मोडला आणि गणपतीच्या पायाशी ठेवला. चौकीदाराने तो उचलला. त्यांनी दुसरा ठेवला.

"दाई, चींटी लगेगी."

"लागू दे. त्याच्याजवळ कोनी तरी यीन."

आम्ही दुसऱ्या दालनात गेलो तेव्हा मी वळून पाहिलं. चौकीदार तो लाडू खात उभा होता, पण गणपतीकडे पाठ करून.

* * *

त्या दुसऱ्या दालनात कोपऱ्यात एक बाई होती. दगडाची, मांडीवर मूल घेऊन बसलेली. खाली पाटीवर लिहिलं होतं की ती फार जुनी आहे आणि शेतात नांगर लागून सापडली. बाईचं तोंड हसरं होतं. मुलाचं डोकं नव्हतं.

मी मंदाचे डोळे झाकले. का झाकले ते मला सांगता येणार नाही. तिला त्यातलं काय कळणार होतं? पण मला वाटलं, ही बाई इतकी वर्षं जमिनीखाली अशीच हसत बसली होती. तिला कोणी सांगितलंच नाही.

देशमुखबाई म्हणाल्या, "काय सुंदर भाव आहेत चेहऱ्यावर." मला भाव दिसले, पण ते सुंदर आहेत की कसे आहेत हे काही कळलं नाही. मी तिथून लवकर निघाले.

एवढ्यात मंदाने माझ्या कडेवरून वाकून शेजारच्या दगडी हत्तीची सोंड चाटली.

मी घाबरून गेले. तिचं तोंड पुसलं, उकळलेलं पाणी पाजलं, आणि दिसेल त्या बाईला विचारत सुटले की दगड चाटला तर मुलाला काय होतं. एक म्हणाली मीठ दे. एक म्हणाली काही होत नाही. भागाबाई म्हणाली, "दात मजबूत व्हतीन." शेवटी मी चौकीदाराला विचारलं की यावर काही औषध-बिवषध मारलेलं असतं का.

तो म्हणाला, "बाई, ये हाथी हज़ार साल का है. उसको जो होना था, हो गया."

मी त्याला हत्तीबद्दल विचारलंच नव्हतं.

* * *

वरच्या मजल्यावर चित्रं होती. जिना संपला की समोरच जमीनदाराच्या वडिलांचं माणसाएवढं चित्र. डोक्याला फेटा, मिशा वर वळवलेल्या, हातात काठी. आम्ही डावीकडे गेलो तरी त्यांचे डोळे आमच्याकडे, उजवीकडे गेलो तरी आमच्याकडे. चित्र असं कसं पाहतं ते मला अजून कळलेलं नाही. मी मंदाला घेऊन तीनदा इकडून तिकडे गेले. तीनदा त्यांनी पाहिलं.

सुशीलाने डोक्यावर पदर घेतला.

भागाबाई म्हणाली, "काय वो, हे काय करून राहिली?"

"मामंजीवानी दिसते," सुशीला हळूच म्हणाली.

"फोटो हाय तो."

"माह्या मामंजींचे बी फोटो असेच पाह्यतात."

तिचे सासरे वर्ध्याकडे राहतात. ती भिंतीला चिकटून, मान खाली घालून पुढे सरकू लागली. तिच्यामागे एक नवी सून होती, तिने पदर घेतला. मग तिच्यामागचीने घेतला. आमच्यामागे सगळी रांग डोक्यावर पदर घेऊन, त्या मिशांसमोरून आवाज न करता जाऊ लागली. मीही घेतला. दुसऱ्याच्या सासऱ्यासमोर आपण तरी उघड्या डोक्याने कशा जाणार?

देशमुखबाई समोर उभ्या राहून हसत होत्या. "अहो, काय हे? तो माणूस जाऊन पन्नास वर्षं झाली असतील."

बोरकरकाकू म्हणाल्या, "गेलेल्या मानसाचा तर जास्तच मान ठेवा लागते."

आम्ही पुढे गेल्यावर मी पाहिलं, देशमुखबाईंनीही खांद्यावरचा पदर थोडा वर ओढून घेतला होता.

* * *

पुढच्या खोलीत फळांचं चित्र होतं. टेबलावर एक पपई कापलेली, दोन केळी, एक लिंबू अर्धं सोललेलं, त्याची साल टेबलावरून खाली लोंबत होती. मागे एक तांब्या आडवा पडलेला.

आमच्या चौघींचं सगळ्यांत जास्त वेळ पाहणं या चित्रासमोर झालं, कारण यातलं सगळं आम्हाला ओळखू येत होतं.

भागाबाई म्हणाली, "पपई पिकेलच नाही. कापली कावून?"

"रंग तर पिवळा हाय," सुशीला म्हणाली.

"देठाजवळ हिरवी हाय. चार दिवस तांदळात ठेवा लागत होती."

काकू म्हणाल्या, "लिंबू सोलते काय कोनी? लिंबू कापते. अन् तो तांब्या पाह्य, सांडून ठेवला."

"मानसाचं काम हाय," भागाबाईने निकाल दिला. "बाई माहेरी गेली असन. त्यानं सगळं काढलं, काहीच धड केलं नाही, अन् चित्र काढाले बसला."

मला ते ऐकून थोडं भरून आलं. मी माहेरी होते तेव्हा मंदाचे बाबा हातानेच स्वयंपाक करत होते. शिफ्टवरून येऊन शेगडी पेटवायची, भात टाकायचा. पत्रात त्यांनी कधी लिहिलं नाही. स्टोअरचं काम सोपं आहे, एवढंच लिहायचे. मी त्या आडव्या तांब्याकडे पाहत राहिले आणि मनात म्हटलं, बरं झालं बाई, निदान भट्टीवरून येऊन तरी करावं लागलं नाही.

* * *

मग ते चित्र आलं ज्याने सगळ्या बायकांचा गोंधळ केला.

निळे आणि काळे तिकोन, एकावर एक. मधे एक पांढरी रेघ. खाली पाटी होती, "माता."

जी ती माता शोधू लागली.

देशमुखबाई म्हणाल्या, "हे नव्या पद्धतीचं आहे. यात दिसत नाही, जाणवतं."

"कुठं जानवते?" भागाबाईने विचारलं.

"तुमच्या आत."

भागाबाईने थोडा वेळ वाट पाहिली. मग तिने मान डावीकडे वाकवली. म्हणाली, "असं पाह्यलं तं काही तरी हाय." काकूंनी मान वाकवली. सुशीलाने वाकवली. मागून येणाऱ्या बायकांना वाटलं, हे चित्र असंच पाहायचं असतं. त्यांनीही माना वाकवल्या. दहा-बारा बायका माना एका बाजूला टाकून उभ्या.

चौकीदार खालून आला. त्याने आमच्याकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. मग स्टूल आणलं, वर चढला आणि चित्राचा एक कोपरा उचलून आमच्या मानांच्या रेघेत आणून ठेवला. खाली उतरून म्हणाला, "अब ठीक है?"

आम्ही माना सरळ केल्या. आता चित्र वाकडं होतं.

देशमुखबाई पुढच्या खोलीत निघून गेल्या.

मी मागे थांबले. खरं लिहा म्हटलं आहे म्हणून लिहिते. वाकडं झाल्यावर मला त्यात एक हात दिसला. नुसता हात, कोपरापासून पुढे. काही तरी धरायला पुढे केलेला, पण त्यात काही नव्हतं. मग मी डोळे मिटून उघडले तर तो हातही नव्हता. आई म्हणजे एवढंच दाखवायचं होतं का त्या माणसाला? की मलाच मंदाला कडेवर घेऊन घेऊन सगळीकडे हात दिसू लागले? मी कोणाला विचारलं नाही.

* * *

दुपारी बागेत डबे उघडले. पोळ्या, झुणका, काकूंचे उरलेले लाडू. मंदाने पोट भरून खाल्लं, म्हणजे हत्तीचं काही बाधलं नाही. मी चौकीदाराला दोन पोळ्या आणि झुणका दिला. खाता खाता मी त्याला विचारलं, "भट्टीवाला चित्र किधर है?"

"अभी टांगा नहीं है. बहुत भारी है. पीछे के कमरे में दीवार से टिका के रखा है. खाना हो जाने दो, दिखाता हूँ."

देशमुखबाई बसवाल्याला शोधायला गेल्या होत्या. आम्ही चौघीच त्याच्या मागे गेलो.

मला वाटलं होतं त्यापेक्षा ते चित्र मोठं होतं. भिंतीला टेकवून जमिनीवरच ठेवलेलं, त्यामुळे त्यातली माणसं आमच्या बरोबरीने उभी आहेत असं वाटत होतं. वरचा अर्धा भाग काळा. मधून लाल-पिवळ्या लोखंडाची धार नालीतून वाहत येते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना सात माणसं. कोणाच्या हातात लांब सळई, कोणाच्या हातात फावडं. उजेड सगळा खालून. त्यामुळे हनुवट्या आणि नाकं दिसत होती, कपाळं अंधारात होती.

माझी भीती जाईल असं मला वाटलं होतं. ती गेली नाही. आभाळ लाल दिसतं तेव्हा ते दूर असतं. इथे ते माणसांच्या पायांशी होतं.

भागाबाई पुढे झाली आणि तिने एका जाड्या माणसावर बोट ठेवलं. "हे आमचे."

चौकीदार म्हणाला, "हाथ मत लगाइए."

"माह्या घरचं मानूस हाय, हात कावून नाही लावू?"

काकू म्हणाल्या, "तुह्या घरचं कसं? हे तं आमचे हायेत. पाह्य, पोट पाह्य."

"काकू, तुमचे तं क्रेनवर हायेत. खाली कशाले येतीन?"

"चित्र काढून राहिला म्हटल्यावर कोनी बी येते खाली."

त्यांचं असं चाललं होतं आणि मी दुसऱ्याच माणसाकडे पाहत होते. तो डावीकडून तिसरा. धारेच्या सगळ्यांत जवळ. पाठमोरा, तोंड दिसत नव्हतं. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, आणि त्याचं एक टोक सुटून खांद्यावरून पुढे, आगीच्या बाजूला लोंबत होतं. उभं राहताना उजवी टाच थोडी उचललेली. मी मनाला म्हटलं, टाच कोणीही उचलतो.

काकू आणि भागाबाईचं भांडण मिटेना, तेव्हा चौकीदार म्हणाला, "झगड़ा मत करो दाई. नाम लिखा है. चित्रकार साहब ने जिस-जिस को बनाया, उसी से पीछे नाम लिखवाया है. बाएँ से दाएँ." त्याने माळ्याला हाक मारली आणि दोघांनी मिळून ते चित्र भिंतीपासून ओढून त्याची पाठ आमच्याकडे केली.

मागच्या कापडावर पेन्सिलीने नावं होती. एकाखाली एक. प्रत्येकाचं अक्षर वेगळं.

भागाबाई म्हणाली, "मंदाची आई, तू शिकेल हायेस. वाच."

मी वाचू लागले. "रामाधार." त्याला कोणी ओळखत नव्हतं. दुसरं नाव गोल गोल अक्षरांत होतं. "हे तेलुगूत असन. मले येत नाही."

"बरं. पुढं."

तिसऱ्या नावावर माझी नजर गेली आणि तिथेच राहिली. अक्षर ओळखायला मला वेळ लागला नाही. ज्या अक्षरात मला "आता तू पोटभर जेव" असं आलं होतं, तेच अक्षर होतं. आता तुम्हीच सांगा, ते मी तोंडाने कसं वाचणार होते?

"वाच न वो," भागाबाई म्हणाली.

मी म्हटलं, "हे बी तेलुगू हाय."

भागाबाईने वाकून पाहिलं. तिला एक अक्षर येत नाही. पण तिने दुसऱ्या नावावर बोट ठेवलं, मग तिसऱ्या नावावर. "हे वरचं जिलेबीवानी हाय. अन् हे तं दोरीवर कपडे वाळू घातल्यावानी हाय. रामाधारसारखं. हे आपलंच हाय, वाच."

मी वाचलं नाही. मंदा कडेवरून घसरत होती तरी मी तिला वर घेतलं नाही.

मग भागाबाईचं बोट त्या नावावरून हळूच खाली आलं.

काकूंनी हात पुढे केले. "दे तिले माह्याजवळ."

मी मंदाला दिलं. मी त्या तिघींच्या तोंडांकडे पाहिलं. सुशीला पायाकडे पाहत होती. कोणीच दचकलं नव्हतं. काय झालं, का थांबलीस, असं कोणी विचारलंही नव्हतं.

मी म्हटलं, "तुमाले माहीत होतं?"

भागाबाई म्हणाली, "आमाले त्यायनं हात जोडून सांगतलं होतं, बाई. म्हने, तिले सांगू नका, ती जेवत नाही."

चौकीदाराला यातलं काही कळलं नाही. तो म्हणाला, "बाकी चार नाम पढ़िए न. किसका आदमी है, मालूम तो पड़े." मी बाकीची चार वाचली. पाचवं नाव भागाबाईच्या घरच्यांचं निघालं. काकूंनी ते मान्य केलं.

संध्याकाळी घरी आले. मंदाचे बाबा आधीच आले होते. अंगण झाडून ठेवलं होतं, शेगडी पेटवून ठेवली होती.

"काय पाह्यलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "दगडं."

"मी म्हनत होतो न."

मी ताट वाढलं. बाहेर आभाळ लाल झालं. ते जेवता जेवता माझ्या ताटाकडे पाहत होते. मी दोन पोळ्या खाल्ल्या, भात घेतला, वर आणखी एक चतकोर घेतली. मग त्यांनी स्वतःला भात वाढून घेतला. मी बोलले असते तर त्यांनी काय केलं असतं? भट्टी सोडली असती, की रोज माझं तोंड आठवत तिथे उभे राहिले असते? कोणतं बरं, हे मला त्या दिवशीही कळलं नाही आणि आज हे लिहितानाही कळत नाही. मी रोज जेवते आहे.

आपल्या मंडळाचं हस्तलिखित घरातले पुरुष वाचत नाहीत, म्हणून मी हे एवढं लिहिलं. आता एक काम करा. ज्यांच्या घरचे मंदाच्या बाबांच्या शिफ्टला असतील त्यांनी आपल्या घरच्यांना सांगा, आणि त्यांनी पुढे सांगावं. डावीकडून तिसरा जो धारेजवळ उभा राहतो, त्याला म्हणावं डोक्याच्या टॉवेलचं टोक मोकळं सोडू नको. आत खोचून घे. कोणी सांगितलं ते सांगू नका.